सात दिवसांचे पीठ

हिवाळ्यात दळलेल्या पिठाची मर्यादा सात दिवसांची, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची. आपल्या घरांतील लहान मुलांनाही हे गणित पाठ असते. पण एखाद्या प्रवासाचा सारा आराखडा या गणितावर बेतता येतो, हे ध्यानात यायला मला वयाची बावन्न वर्षे लागली.

गेल्या जानेवारीत आई (आम्ही सारे तिला आक्का म्हणतो), पत्नी आणि मी असे तिघे सांगलीहून हुमचा, कारकळ, मूडबिद्री आणि वेणूर येथे जाऊन आलो. वाहन म्हणजे दुकानाची जुनी ओम्नी व्हॅन. वर्षानुवर्षे तिने हळदीची पोती वाहिली होती. त्याच व्हॅनच्या आधाराने आम्ही सात दिवस रांधले, जेवलो, निजलो, आणि पिठाचा डबा तळाला गेला त्या संध्याकाळी घरी परतलो.

आक्काचे वय शहात्तर. तिचे माहेर अथणी तालुक्यातले, त्यामुळे कन्नड तिला मराठीइतकेच सहज येते. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. पाणी गाळून उकळलेले. जेवण घरच्या हातचे. अशा माणसाला घेऊन घराबाहेर पडणे किती कठीण असते हे वाचकांना वेगळे सांगायला नको. १९८१ साली ती आण्णांबरोबर श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला गेली होती. परतीच्या वाटेवर कारकळ करायचे ठरले होते, पण बसचा कार्यक्रम बदलला आणि कारकळ राहिले. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे आण्णा दर हिवाळ्यात ‘यंदा कारकळ’ म्हणत, आणि दर हिवाळ्यात हळदीचा हंगाम आडवा येई. मधल्या काळात यात्रा कंपन्यांची छापील पत्रके घरी येत. त्यांत एक ओळ हमखास असे : रात्री आठ वाजता मुक्कामाच्या ठिकाणी आगमन व भोजन. आक्का ते पत्रक वाचायची, नीट घडी घालायची आणि परत द्यायची.

तीन वर्षांपूर्वी आण्णा गेले. त्यानंतर आक्काने घर आणि गल्लीतली बस्ती यांपलीकडे पाऊल टाकले नाही. पत्रके मागणेही बंद झाले.

व्हॅन विकायची असे दिवाळीत ठरले होते. दुकानासाठी नवा टेम्पो आला होता. पुण्याच्या मुलाने तर ‘बाबा, भंगारात द्या’ म्हणून निकालच दिला. एक गिऱ्हाईक येऊन पाहूनही गेले. त्याला दाखवण्यासाठी मी गाडी धुऊन अंगणात उभी केली होती, मागचा दरवाजा वर उचललेला होता. आक्का ओसरीवरून उठून आली, आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, “आजीबरोबर कुंभोजच्या डोंगराला आम्ही असंच गाडीतनं जायचो. वर तट्ट्या, खाली गवत, आणि मागं पिठाचा डबा.” एवढेच बोलून ती परत जाऊन बसली. गिऱ्हाइकाला मी चार दिवस थांबा म्हणून सांगितले.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण आमच्यासारख्या व्यापाऱ्यांना ते रुचेल. छोट्या प्रवासी घर-गाडीची कल्पना जगभर पसरली ती एका व्यापाऱ्यामुळे. १९४७ साली बेन पॉन नावाच्या एका डच मोटार-विक्रेत्याने फोक्सवॅगनच्या डबा-गाडीचे एक साधे रेखाटन वहीच्या पानावर केले. १९५० मध्ये ती गाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यासाठी एक पेटी काढली : उलगडली की बिछाना, दुमडली की कपाट, आणि नको तेव्हा सरळ बाहेर काढून ठेवायची. आठवडाभर माल वाहायचा आणि सुटीच्या दिवशी त्याच गाडीत कुटुंबाने बाहेर पडायचे, असा तो हिशेब होता. गाडी एक, कामे दोन. हा विचार कोणत्याही पेढीवर पटेल.

आपल्या ओम्नीचे मूळ घर जपान. सुझुकीच्या ‘कॅरी’ या छोट्या गाडीवरून बेतलेली मारुती व्हॅन १९८४ मध्ये आपल्याकडे आली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन अवघे ७९६ सीसीचे. जपानात अशा लहान गाड्यांचा एक स्वतंत्र वर्गच कायद्याने ठरलेला आहे : लांबी ३.४ मीटरपेक्षा अधिक नको, रुंदी १.४८ मीटरपेक्षा अधिक नको, इंजिन ६६० सीसीच्या आत. एवढ्याशा मापात तिथले कारागीर झोपण्याची जागा, मोरी, शेगडी सारे बसवतात. निवृत्त जोडपी अशा गाड्या घेऊन देशभर हिंडतात. १९९३ पासून तिथे सरकारी मान्यतेची रस्त्याकाठची स्थानके सुरू झाली. तिथे वाहनतळ आणि स्वच्छतागृहे रात्रंदिवस उघडी असतात, आणि गावातल्या शेतकऱ्यांची भाजीही विकत मिळते. गाडी छोटी ठेवून चालते ती अशा सोयींच्या जोरावर. आपल्याकडे ते काम धर्मशाळा, मठ आणि त्यागीनिवास यांनी कितीतरी आधीपासून केले आहे, हे मला या प्रवासात उमगले.

आमची ओम्नी आठ आसनांची, मागे समोरासमोर दोन बाके असलेली. ओळखीच्या सुताराने दोन बाकांमधल्या पोकळीवर बसतील अशा तीन फळ्या करून दिल्या. त्या टाकल्या की बिछाना, काढल्या की बैठक. बाकांखाली दोन पेट्या : एकीत भांडी, दुसरीत डाळ, तांदूळ, शेंगांची चटणी, मेतकूट आणि पिठाचा डबा. एक वीस लिटरचे स्टीलचे पिंप, गाळण्याचे दोन स्वच्छ फडके, एक छोटी शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर. गाडीला एकही स्क्रू मारला नाही, आसने हलवली नाहीत. नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच दिला आहे. कोणाला असे काही करायचे असेल तर काढता-घालता येईल एवढेच करावे. शेगडीबाबतही आम्ही नियम पाळला : चालत्या गाडीत रेग्युलेटर काढलेला, आणि शेगडी पेटवायची ती गाडीबाहेर, मोकळ्या जागी. बंद गाडीत ज्योत पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

धाकट्या भावाने मोठी मोटर-होम भाड्याने घेण्याचे सुचवले होते. तीत स्नानगृह असते, वातानुकूलन असते. मी चौकशीही केली. पण आगुंबे घाटातली चौदा अवघड वळणे आणि हुमच्याकडचे अरुंद रस्ते डोळ्यांपुढे आले. शिवाय आक्का म्हणाली, “एवढ्या मोठ्या गाडीत मी पाहुणी होईन.” विषय संपला.

पहिला दिवस सुरळीत गेला. पहाटे निघून बेळगाव, धारवाड करीत हुबळीच्या पुढे वरूरच्या नवग्रह तीर्थावर चारच्या सुमारास पोहोचलो. पत्नीने भाकरी थापल्या, आक्काने मुगाची डाळ केली. दिवस असताना जेवून, भांडी घासून, दोघी गाडीत निजल्या. मी धर्मशाळेच्या ओसरीवर चटई टाकली. तीन माणसांचे घर दोन माणसांच्या मापाचे आहे हे एवढेच काय ते सांगायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मात्र परीक्षा झाली. शिमोग्याच्या पुढे रस्त्याचे काम चालू होते. तास-दीड तास तिथेच मोडला. रिप्पनपेठ जवळ आले तेव्हा घड्याळात पाच वाजून गेले होते. हुमचा अजून पुढे होते. सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडणार. मी मनाशी हिशेब करीत होतो : वेगाने गेलो तर सहाला पोहोचू, पावणेसातला झोपायची जागा मिळेल, मठात गाडी उभी करायची परवानगी तर आजच घ्यायला हवी. मी आरशातून मागे पाहिले. आक्का म्हणाली, “तू चालव, बाळ. मला भूक नाही.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. एसटीच्या फलाटावर, लग्नाच्या वऱ्हाडात, मिरजेच्या इस्पितळाच्या पायरीवर. आपली घाई दुसऱ्याच्या पोटावर ढकलण्याची सोय म्हणून आम्ही साऱ्यांनी ते आयुष्यभर खरे मानले. त्या क्षणीही मी ते खरे मानणार होतो. पत्नी शांतपणे म्हणाली, “अहो, गाडी बाजूला घ्या. मग ही शेगडी कशाला आणली आपण?”

डाव्या हाताला एक कौलारू घर होते, पुढे मोठे अंगण आणि अंगणभर वाळत घातलेली सुपारी. गाडी कडेला लावून आक्का उतरली आणि कन्नडमध्ये तिथल्या बाईंशी बोलली. बाईंनी विहीर दाखवली, अंगणाचा एक कोपरा झाडून दिला. आक्काने विहिरीचे पाणी फडक्यातून गाळले, गाळण्यावर थोडे पाणी ओतून ते परत विहिरीत सोडले. बाई कुतूहलाने पाहत राहिल्या आणि मग काही न बोलता दोर पुन्हा हातात देऊन गेल्या. पावणेसहाला खिचडी तयार होती. सहाला आक्काचे शेवटचे पाणी झाले.

मालकही तेवढ्यात बागेतून आले. मी हळदीचा, ते सुपारीचे. गप्पांना विषय शोधावा लागला नाही. सोललेली ओली सुपारी उकळून वाळवल्यावर तिला तांबडा रंग कसा येतो, शिमोग्याच्या बाजारात राशी, बेट्टे, गोरबलू अशा प्रती कशा पडतात, हे त्यांनी मूठभर माल हातात देऊन दाखवले. हळदही उकळून, वाळवून, मग घासून झळाळी देतात हे ऐकून त्यांना मोठी मौज वाटली. भाव मात्र दोघांनीही एकमेकांना खरा सांगितला असेल असे मला वाटत नाही.

अंधार पडल्यावर हुमचा गाठले. पद्मावती मातेच्या मंदिराच्या परिसरात गाडी लावायला सहज जागा मिळाली. अडीच माणसांची जागा कुठेही मिळते.

तिसऱ्या दिवशी तीर्थहळ्ळीवरून आगुंबे. ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते, हे सपाट रस्त्यावर विसरायला होते आणि घाटात चांगलेच आठवते. आम्ही उतरत होतो म्हणून इंजिन शांत होते, पण ब्रेक तापू नयेत म्हणून सारा घाट दुसऱ्या गिअरमध्ये आणि मध्ये दोनदा थांबून उतरलो. मागून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला ओलांडून गेली. पण दर वळणावर आक्का काचेला नाक लावून खाली दरीत पाहत होती, आणि इतक्या हळू जाण्याचे कोणालाही वाईट वाटले नाही.

कारकळला त्या रात्री डोंगराच्या पायथ्याजवळच मुक्काम केला. छोट्या गाडीचा खरा लाभ मला विचाराल तर तो चौथ्या दिवशी पहाटे मिळाला. यात्रेच्या बसगाड्या कारकळला पोहोचतात त्या बहुधा दुपारकडे. उघड्या खडकात कोरलेल्या पायऱ्या तोवर तव्यासारख्या तापतात, आणि चढायचे अनवाणी. म्हातारी माणसे खालूनच हात जोडतात. आम्ही उजाडताच चढू लागलो. खडक रात्रीच्या दवाने थंड होता. आक्का वीस पायऱ्या चढायची, बसायची, पुन्हा उठायची. घाई करणारा मार्गदर्शक नव्हता, शिट्टी वाजवणारा वाहक नव्हता. वर पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला.

बेचाळीस फुटांची ती मूर्ती वीर पांड्य भैररसाने १४३२ मध्ये प्रतिष्ठित केली. मूर्ती दुसरीकडे घडवून मग चाकांच्या गाड्यावरून या डोंगरावर आणली, असे परंपरा सांगते. पूर्वेला सह्याद्रीची रांग, खाली तळ्याचे पाणी, आणि समोरच्या लहान खडकावर १५८६ ची चतुर्मुख बस्ती. चार दिशांना चार दारे, कुठूनही आलात तरी समोर अर, मल्ली आणि मुनिसुव्रत. उन्ह हळूहळू मूर्तीच्या खांद्यावरून खाली उतरत होते. आक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आण्णांनी सांगितलं होतं त्यापेक्षा मोठी आहे.” आण्णांनी तरी कुठे पाहिली होती? मी बोललो नाही. पत्नीने तिच्या हातात तांदळाची पुडी दिली. ती दोघांच्या वाटणीचे तांदूळ वाहून आली.

मूडबिद्रीला एक दिवस पुरला नाही. हजार खांबांची बस्ती १४३० ची. कोकणात न दिसणारी, उतरत्या तिहेरी छपराची ती लाकूड-दगडाची रचना पाहताना मान दुखून येते. पण मला ओढ होती ती ताडपत्रांच्या गावाची. धवला, जयधवला आणि महाधवला हे ग्रंथ शतकानुशतके इथेच जपून राहिले. त्यांच्या प्रती करून घेण्यासाठी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांनी पुढाकार घेतला होता, आणि धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली छापून निघाला. एका व्यापाऱ्याने पेढी सांभाळून केलेले हे काम. त्या काळी सोलापूरहून इथवरचा प्रवास कसा झाला असेल, त्यांच्या सामानात पिठाचा डबा कुठे ठेवला असेल, असले प्रश्न त्या गावात माझ्या मनात आले. एरवी आले नसते.

वेणूरची पस्तीस फुटांची मूर्ती, १६०४ सालची, नदीकाठी जवळजवळ सपाटीवर आहे. तिथे आक्का एकटीच दोन प्रदक्षिणा घालून आली.

आता या प्रवासाची उणी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर एखादा वाचक उद्याच सुताराला बोलावील. गाडीत स्वच्छतागृह नाही, आणि ही अडचण पुरुषांपेक्षा स्त्रियांना फार मोठी आहे. त्यामुळे आम्ही एकही रात्र रानात काढली नाही. मुक्काम नेहमी मठ वा धर्मशाळेच्या आवारात. समुद्राकडच्या बाजूला जानेवारीतही रात्री उकडते, काच उघडावी तर डास. कारकळला जाळी लावेपर्यंत दोघींची झोप झाली नाही. फळीवर उंच माणसाला पाय पसरता येत नाहीत. हळदीचा वास काही केल्या गेला नाही आणि पांढऱ्या चादरी पिवळ्या होऊन परत आल्या. आगुंबे घाट परत चढताना मी इंजिनावर बसलो आहे याची जाणीव सतत होत होती. निम्म्यावर थांबून ते निवू द्यावे लागले. मे महिन्यात हा प्रवास मी करणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

हिशेबाचे म्हणाल तर जाऊन-येऊन सुमारे १२०० किलोमीटर झाले आणि पेट्रोल नव्वद लिटरच्या आसपास लागले. बाकी खर्च म्हणजे भाजी, दूध, मठांतून दिलेले दान आणि घाटात घेतलेली शहाळी.

सातव्या दिवशी दुपारी बेळगावच्या अलीकडे एका झाडाखाली थांबलो. पत्नीने डबा पालथा करून पीठ काढले. बरोबर पाच दशम्या झाल्या. आक्काने एक मोडून माझ्या पानात अर्धी जास्त टाकली आणि म्हणाली, “मला भूक नाही.” मी ती अर्धी तिच्या पानात परत टाकली. तिने हसून खाल्ली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मी हंगाम संपू दे म्हणालो. व्हॅन पुन्हा पोती वाहू लागली; तीन फळ्या गोदामात भिंतीला उभ्या आहेत. परवा संध्याकाळी, जेवण आटोपल्यावर, आक्काने भिंतीवरची दिनदर्शिका काढून मांडीवर घेतली. बोटाने पाने उलटत तिने विचारले, “होळी झाली की पीठ पाचच दिवस चालतं. पाच दिवसांत हळेबीड होईल का रे?”